काटकसरीची बुडी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हंसूं येईल. कॅरिबियन समुद्रांतील एखाद्या बेटावर जावयाचें, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशीं विहार करावयाचा, आणि तो विहार काटकसरीनें करावयाचा! मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म प्राथमिक शाळेंत पाढे घोकवून घेण्यांत घालविलेल्या निवृत्त मास्तराच्या तोंडीं हें बोलणें कसें शोभावें? परंतु योग असा आला कीं, नोकरीनिमित्त अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं राहणारे माझे चिरंजीव व सूनबाई यांनीं हा बेत मांडला आणि खर्चाची वही माझ्या हातीं दिली. मी स्वतः पाण्याखालीं गेलों नाहीं. रक्तदाबाच्या विकारामुळें डॉक्टरांनीं मला मना केलें होतें. मी कांठावर बसलों, क्वचित् पृष्ठभागावर तरंगलों, आणि हिशेब लिहिला. त्या वहींत जें उतरलें तेंच आज आपल्यापुढें ठेवतों. वहीचें सार आधींच सांगून टाकावें हें बरें. या छंदांत काटकसर पुष्कळ करतां येते. पण ती कोठें करावी आणि कोठें करूं नये, हें ज्याला उमगलें नाहीं त्यानें घरीं बसावें हेंच सर्वांत स्वस्त.

प्रथम बेटाची निवड. पाणबुड्याच्या खर्चांतील मोठा वांटा नावेचा असतो. बहुतेक ठिकाणीं प्रत्येक बुडीसाठीं नावेंतून दूर जावें लागतें. म्हणजे नावेचें भाडें आलें, नावाड्याचा व वाटाड्याचा मेहनताना आला, शिवाय त्यांच्या वेळापत्रकाची ताबेदारी आली. हा सारा खर्च जेथें मुळांतच गळतो असें एक बेट आम्हीं निवडलें. त्याचें नांव बोनेर. वेनेझुएला देशाच्या किनाऱ्यापासून उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, अवघें २८८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचें हें डच बेट आहे. २०१० सालच्या ऑक्टोबरांत नेदरलंड्स अँटिलीस हें एकत्रित राज्य मोडलें, तेव्हांपासून बोनेर ही नेदरलंडची एक विशेष नगरपालिका झाली. तेथील चलन २०११ पासून अमेरिकन डॉलर आहे. त्यामुळें अमेरिकेंतून जाणारास नाणें बदलण्याची कटकट नाहीं.

या बेटाची ख्याति एका नैसर्गिक योगामुळें आहे. व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात; त्यांचा सारा मारा पूर्व किनारा सोसतो, आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला राहून एखाद्या तळ्यासारखा शांत असतो. त्याच शांत बाजूला पोवळ्यांचा खडक किनाऱ्याच्या अगदीं जवळ आहे. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी, साज चढवावा, कमरेइतक्या पाण्यांतून चालत जावें आणि थोडें पोहून खालीं उतरावें. बुडीच्या जागा ऐशींहून अधिक नोंदलेल्या आहेत, आणि त्यांपैकीं पन्नासांहून अधिक जागीं किनाऱ्यावरूनच जातां येतें. प्रत्येक जागेचें नांव रस्त्याकांठच्या पिवळ्या दगडावर लिहिलेलें असतें. आमच्या मुलखांत मैलाचे दगड वाचीत जावें तसे हे दगड वाचीत जावें. ना नाव लागते, ना नावाडी.

आतां हंगाम. कॅरिबियन म्हटलें कीं वादळांची धास्ती आलीच. जून ते नोव्हेंबर हा तिकडील वादळांचा काळ. परंतु बोनेर सुमारें १२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे वादळांच्या नेहमींच्या वाटेच्या दक्षिणेस पडतें. मात्र निसर्गाशीं कोणी करारनामा केलेला नाहीं. १९९९ सालच्या नोव्हेंबरांत लेनी नांवाचें वादळ उलट्या दिशेनें, पश्चिमेकडून आलें, आणि आडोशाच्या बाजूलाच पोवळ्यांची नासधूस करून गेलें. तरी सामान्यतः मे ते नोव्हेंबर हे महिने तेथें जाण्यास सोयीचे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थंड देशांतील प्रवाशांची गर्दी असते व राहण्याचे दर चढतात. पाण्याची ऊब वर्षभर २६ ते २९ अंश सेंटिग्रेड असते. म्हणून ऐन हंगामांत जाऊन अधिक सुख मिळतें असें नाहीं, केवळ अधिक पैसे जातात.

प्रवेशाच्या कागदपत्रांबद्दल दोन शब्द. बोनेर डच असलें तरी युरोपच्या शेंगेन प्रदेशांत मोडत नाहीं, आणि त्याचे परवान्याचे नियम निराळे आहेत. भारतीय पारपत्र बाळगणारानें विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं डच वकिलातीकडे चौकशी करावी. तिकीट आधीं व परवाना मागाहून, हा क्रम महागांत पडतो. शिवाय दोन कर वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावेत. परदेशी प्रौढ प्रवाशास ७५ डॉलर प्रवेशकर २०२२ च्या जुलैपासून लागूं झाला; आणि समुद्रांत उतरणाऱ्या प्रत्येकास सागरी उद्यानाची ४० डॉलरांची पट्टी २०२३ पासून भरावी लागते. ती त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालते. दोन्ही मिळून माणशीं ११५ डॉलर झाले. यांत घासाघीस नाहीं. आणि दुसऱ्या रकमेंत ती नसावीच, याचें कारण पुढें सांगेन.

आतां शिक्षण. मालवणाजवळ तारकर्लीच्या बाजूला हौशी प्रवाशांना हात धरून पाण्याखालीं नेतात, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. ती या विद्येची चव आहे, विद्या नव्हे. स्वतंत्रपणें, जोडीदारासह बुडी घेण्यास रीतसर दाखला लागतो. प्रारंभींच्या दाखल्याचे तीन भाग असतात: पुस्तकी अभ्यास, तलावांतील सराव, आणि उघड्या समुद्रांतील चार बुड्या. हा दाखला १८ मीटर खोलीपर्यंतचा असतो. यांतील पहिले दोन भाग आपल्या गांवीं आटोपून चार बुड्या बेटावर घेतां येतात, किंवा सर्वच शिक्षण घराजवळ उरकतां येतें. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें शिक्षणकेंद्र तारकर्ली येथें आहेच. सुटीचे मोलाचे दिवस वर्गांत बसून घालविण्यापेक्षां हा मार्ग स्वस्त. परंतु शिक्षणच कमी करणें ही स्वस्ताई नव्हे. बोनेरच्या दक्षिण भागांत हिल्मा हूकर नांवाचें सुमारें ७२ मीटर लांबीचें जहाज बुडालेलें आहे. त्याच्या पोटांत गांजा सांपडला, सरकारनें तें अडकवून ठेवलें, आणि १९८४ सालच्या सप्टेंबरांत तें बुडालें. किनाऱ्यावरून पोहत जाऊन तें पाहतां येतें, म्हणजे नावेचा खर्च शून्य. पण तें १८ पासून ३० मीटरांपर्यंतच्या खोलींत आडवें पडलें आहे. प्रारंभींच्या दाखल्याच्या माणसानें त्याचा वरचा भाग पाहून परतावें. खालीं मोह असतो आणि अडवायला शिपाई नसतो. तेथें आपलें शिक्षण हाच शिपाई.

राहणें, खाणें व गाडी या तिन्ही बाबतींत मात्र हात मोकळेपणानें आंखडावा. समुद्रकांठच्या मोठ्या विश्रामगृहाऐवजीं गांवांतील दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. बेट कोरडें आहे. भाजीपाला बहुतेक बाहेरून येतो, म्हणून उपाहारगृहांत जेवण महाग पडतें. आम्हीं डाळ, तांदूळ व मसाल्याच्या पुड्या बरोबर नेल्या होत्या. दुपारीं खडकावर बसून पिठलें-भात खाल्ला. नळाचें पाणी समुद्राच्या पाण्यांतील क्षार काढून तयार केलेलें असतें व तें निर्धास्त पिण्याजोगें असतें. बाटलीबंद पाण्याला एक डॉलरही देऊं नये. सामानासाठीं मागें उघडी असलेली पिकअप गाडी घ्यावी. टाक्या तिच्यांत उभ्या रचून ठेवतां येतात. गाडींत मात्र पैसे, पारपत्र, घड्याळ यांपैकीं कांहींही ठेवूं नये. धनी पाण्याखालीं आणि गाडी रस्त्यावर, ही स्थिति चोराच्या सोयीची असते, आणि अशा चोऱ्या तेथें होतात. मास्क, फिन व श्वासनळी हीं किरकोळ साधनें स्वतःचीं असावींत. जड सामान भाड्यानें घ्यावें.

हवेच्या टाक्यांचा भाव दोन रीतींनीं ठरतो. एक, टाकीगणिक, दुसरी, आठवड्याची ठराविक रक्कम देऊन हव्या तितक्या टाक्या. दुसरी रीत रोज दोनतीन बुड्या घेणाराला किफायतीची आहे. परंतु तिच्यांत एक सापळा आहे. पैसे भरलेच आहेत, मग आणखी एक बुडी कां सोडावी, असें मनांत येतें. यजमानानें तूप आग्रहानें वाढलें म्हणून पोटाला तडस लागेपर्यंत जेवणाऱ्याची जी गत, तीच याची. आणि येथें तडस पोटाला लागत नाहीं, रक्ताला लागते. तें कसें, हें मास्तराच्या रीतीनें समजावून सांगण्याची परवानगी असावी.

पाण्याखालीं दर १० मीटरांस हवेच्या एका थराइतका, म्हणजे एका वातावरणाचा, दाब वाढतो. पृष्ठभागावर एक पट, १० मीटरांवर दोन पट, २० मीटरांवर तीन पट. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा रॉबर्ट बॉइल याचा नियम १६६२ सालचा. आतां टाकी ११ लिटरांची व हवा २०० पट दाबानें भरलेली धरा. म्हणजे तींत २२०० लिटर हवा झाली. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असें धरलें, तर पृष्ठभागावर ती ११० मिनिटें पुरेल, १० मीटरांवर ५५ मिनिटें, आणि २० मीटरांवर सुमारें ३७ मिनिटें. यांतून राखीव चौथाई वजा करावीच. म्हणजे जो उथळ राहतो व सावकाश श्वास घेतो, त्याची टाकी अधिक पुरते. बोनेरला तर पोवळ्यांची व माशांची शोभा पहिल्या दहा मीटरांतच भरपूर आहे. समुद्रांतील खरी काटकसर ही अशी, श्वासाची आहे. पण श्वास रोखून धरणें ही काटकसर नव्हे. तो आत्मघात आहे. दहा मीटरांवर भरून घेतलेलें फुप्फुस श्वास कोंडून वर आणलें, तर आंतील हवा दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटतें. म्हणून टाकीनें श्वास घेणाराचा पहिला नियम असा कीं, श्वास कधींही रोखूं नये.

दुसरी गोष्ट नत्रवायूची. दाबाखालीं घेतलेल्या हवेंतील नत्रवायु रक्तांत व शरीरांत विरघळतो. सोड्याच्या बाटलींत वायु असाच दाबानें विरघळलेला असतो. झांकण हळूंच सैल केलें तर तो निमूटपणें निघून जातो, एकदम उघडलें तर फेंस उसळतो. पाणबुडा घाईनें वर आला तर तोच फेंस त्याच्या रक्तांत व सांध्यांत होतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांचेच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं आपल्या देशांत येऊन राहिले व १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले. आज असा हिशेब मनगटावरचें यंत्र करतें. पण यंत्र सल्ला देतें, आज्ञा पाळणें माणसाकडे असतें.

आतां माझी चूक सांगतों. घरीं अंदाजपत्रक करतांना मीं वहींतील एक ओळ खोडली होती. ती पाणबुड्यांच्या विम्याची ओळ. या विकारावर उपचार दाबाच्या कोठींत करावे लागतात. तशी कोठी बोनेरला आहे, परंतु तो उपचार अतिशय खर्चाचा असतो, आणि साध्या प्रवासी विम्यांत तो पुष्कळदां धरलेला नसतो. मीं विचार केला, दोघें तरुण, दोघें शिकलेलीं. कशाला हा भुर्दंड? सूनबाईंनीं वही पाहिली, कांहीं बोलल्या नाहींत, आणि खोडलेल्या ओळीखालीं तीच ओळ सुवाच्य अक्षरांत पुन्हां लिहिली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं दोघें पाण्यांत उतरलीं. दहा मीटर खोली, चाळीस मिनिटें, असें ठरलें होतें. मी खडकावर घड्याळ घेऊन बसलों. चाळीस झालीं. पंचेचाळीस झालीं. पाणी आरशासारखें शांत होतें, आणि त्यावर एकही बुडबुडा मला दिसेना. पन्नास झालीं. वर सांगितलेलें गणित मला तोंडपाठ होतें. तेंच माझें वैरी झालें. पंचावन्नावें मिनिट संपलें, म्हणजे माझ्या हिशेबानें टाकी रिकामी झाली. आयुष्यांत हजारों मुलांना गणित शिकविलें, पण आपलें गणित चुकावें अशी प्रार्थना त्या दिवशीं पहिल्यानें केली. मांडीवर वही होती, आणि ती खोडलेली ओळ कांहीं केल्या डोळ्यांपुढून हालेना. एकसष्टाव्या मिनिटाला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दोन डोकीं वर आलीं. सूनबाईंनीं हात डोक्यावर नेऊन गोल खूण केली. तिचा अर्थ, सर्व ठीक. सहा मीटरांवर एका मृदु पोवळ्याला शेंपटी गुंडाळून बसलेला समुद्रघोडा त्यांना दिसला होता, आणि त्याच्यापाशीं दोघें वेळ विसरलीं होतीं. खोली कमी, श्वास संथ; म्हणून हवा पुरली. गणित खोटें नव्हतें, मीं धरलेले आंकडे निराळे होते. मी रागावलों नाहीं. मला बोलतांच येईना. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, चुकलें आमचें. ठरलेली वेळ ही कांठावरच्या माणसाची असते.” त्या दिवसापासून ठरलेली वेळ एका मिनिटानेंही ओलांडली गेली नाहीं.

शेवटच्या दिवशीं सापळा पुन्हां समोर आला. विमान दुपारचें होतें; टाक्यांचे पैसे त्या दिवशींच्या मध्यान्हापर्यंत भरलेले होते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, सकाळीं एक लहानशी बुडी घेतों, नाहींतर पैसे वायां जातात.” विमानांत हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षां कमी असतो, म्हणजे बाटलीचें झांकण आणखी सैल होतें. अनेक दिवस बुड्या घेतलेल्या माणसानें शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. म्हणून अंदाजपत्रकांत शेवटचा दिवस आरंभापासूनच कोरडा धरावा. मीं चिरंजीवांस म्हटलें, “वायां जाऊं देत. हे पैसे वायां जाण्यासाठींच भरले आहेत.”

तो कोरडा दिवस आम्हांस फार मोलाचा वाटला. दक्षिणेकडे मिठागरें आहेत. पांढऱ्याशुभ्र मिठाच्या टेंकड्या आणि गुलाबी पाणी. त्यांच्या कांठीं १८५० च्या सुमारास बांधलेल्या गुलामांच्या झोंपड्या अद्याप उभ्या आहेत. दार इतकें ठेंगणें कीं माणसाला वांकूनच आंत जावें लागतें. मीठ भरणारे गुलाम त्यांत रात्र काढीत. डच वसाहतींतील गुलामगिरी १८६३ सालीं संपली. ज्या समुद्रांत लोक आज मौजेनें उतरतात, त्याच समुद्राच्या कांठीं कोणाच्या घामाचा हिशेब कोणत्या वहींत लिहिला गेला नाहीं, हें पाहण्यास तिकीट लागत नाहीं. पण तें पाहिल्यावांचून परतूं नये.

राहिली ती ४० डॉलरांची पट्टी. बोनेरच्या लोकांनीं भाल्यानें मासे मारणें १९७१ मध्यें बंद केलें, पोवळीं तोडणें १९७५ मध्यें बंद केलें, आणि १९७९ सालीं भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोंवतींचा सारा समुद्र उद्यान म्हणून राखला. तेथें नांगर टाकावयाचा नाहीं; प्रथम येणाऱ्या प्रत्येक पाणबुड्यास नियम समजावून घेऊन एक परीक्षेची बुडी द्यावी लागते; आणि हातमोजे घालावयाचे नाहींत, कारण ज्याच्या हातांत मोजे असतात तो पोवळ्यांना हात लावतो. तरीही संकट टळलेलें नाहीं. २०२३ सालीं कठीण पोवळ्यांच्या पेशी नासविणारा रोग या बेटाच्या पाण्यांत आढळला; म्हणून साधनें जंतुनाशक पाण्यांत धुण्याची शिस्त तेथें पाळली जाते. ही पट्टी म्हणजे त्या बागेच्या माळ्याचें वेतन. ती वांचविणें म्हणजे ज्या झाडाची फळें खावयाचीं त्यालाच पाणी न घालणें होय.

तेव्हां श्रोतेहो, माझ्या वहीचा ताळेबंद असा. नावेवर, जेवणावर, खोलीवर व हंगामावर वांचवा. शिक्षणावर, विम्यावर, शेवटच्या कोरड्या दिवसावर आणि पोवळ्यांच्या पट्टीवर वांचवूं नका. विम्याचे पैसे आमच्या कांहींच कामीं आले नाहींत. साऱ्या वहींत वायां गेलेली तेवढीच एक रक्कम. आणि ती वायां गेली याचें मला जितकें समाधान आहे, तितकें वांचविलेल्या एकाही डॉलराचें नाहीं.